जाळ्याची गाठ

गुरुवारी खेडहून टेम्पो येतो.
गठ्ठा खाली टाकला की धप्प वाजतो,
दमलेला माणूस बसावा तसा.
मी पट्ट्या कापते, आणि आत दाबलेली थंडी
हर्णैच्या उन्हात हळूहळू फुगते:
कोट, लोकरी गळे, अस्तराच्या पँटी,
कुठल्या मुलखातल्या ते लेबलालाही आठवत नाही.

आधी खिसे. नेहमी आधी खिसे.
एकदा बसचं तिकीट निघालं, एकदा वाळकं पान
आपल्याकडे नसलेल्या झाडाचं.
एकदा लहान मुलाचा हातमोजा, एकच.
तो मी विकला नाही. त्यात सुट्टे ठेवते.

चार वर्षांमागे एक जाकीट निघालं होतं,
पोपटी, गादीसारखं जाड, बाह्यांवर जांभळे पट्टे.
बंदरावर सगळ्यांनी घालून बघितलं,
हसले, घामेजले, परत ठेवलं.
सत्तर रुपयांना ते नेलं धर्मा चोगल्याने,
बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढणाऱ्या.
अख्ख्या बंदरावर थंडीची नोकरी त्याच्या एकट्याची.

आता सिद्रा मुकादम येते, दापोलीच्या कॉलेजातून,
अंगात कुणा आजोबांचा ढगळा शर्ट.
कपडा उलटापालटा करते, पण भोक शोधत नाही.
शिवण बघते, चेन बघते, लेबलावरची अक्षरं,
आणि सांगते, "मावशी, हे नव्वदच्या आसपासचं,"
जशी माझी आई नुसत्या वासावर सांगायची,
हा पायरी, हा रायवळ.
तिची गिऱ्हाइकं मोबाइलात, पुण्याला.
घट्ट गेलं, म्हणते, आता सैल.
सहा वर्षं पडून असलेल्या माझ्या ढगळ पँटी
एका दुपारी संपल्या.
भरती-ओहोटीचं पंचांग तरी असतं.

लिलावाच्या गर्दीत तिला धर्मा दिसला.
धावत आली. "ते पोपटी! मला हवंच."
अगं, त्याला मासळीचा वास.
कोपरात फाटलंय, त्याने जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने
गाठीवर गाठ मारून सांधलंय.
"म्हणूनच," ती म्हणाली.

धर्मा म्हणाला, "काढून दिलं तर मी घालू काय?"
मग म्हणाला, "किती?"
"तीन हजार."
लादी अर्ध्यावर थांबली.
"घे तर. पण तो दोरा उसवून देतो,
चारचौघांत बरं नाही दिसत."
सिद्रा किंचाळलीच, "नको! दोऱ्याशिवाय आठशे!"

तो बराच वेळ कोपराकडे बघत राहिला.
बावीसशे रुपयांची गाठ.
रात्रपाळीत, ओठांत बिडी धरून,
पाच मिनिटांत मारलेली.

माझी आई ठिगळ आतून लावायची.
बाहेर टाका दिसला की उसव, पुन्हा घाल.
गणपतीत चाकरमान्यांच्या पोरींचे जुने फ्रॉक यायचे,
तिने नीळ देऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेले.
"नवीन आहे म्हण."
मी म्हणायचे.
वर्गातल्या निम्म्या जणी तेच म्हणायच्या.

परवा सिद्राने दहा चांगले शर्ट बाजूला काढले.
कोपरात जरा फाडून ठेव म्हणाली,
धर्माकाका गाठतील, नगाला शंभर.
मी ब्लेड घेतलं. कापड खणखणीत,
दोन धुण्यांपलीकडे गेलेलं नव्हतं.
हात पुढे जाईना.
शेवटी धर्मा आला, अंगात दोन स्वेटर, एकावर एक,
तरी दात वाजत होते. तेच कापडाला लावले त्याने.

आज दोन ढीग मांडलेत.
फाटके चारशेला. धड साठला.
लिलाव आटपून बायका आल्या.
गुलाब पावशेने हात पदराला पुसले,
एक शर्ट उतरत्या उन्हासमोर धरला,
सवयीने भोक शोधलं,
सापडलं तशी घासाघीस करायला तोंड उघडलं,
आणि भाव ऐकून तसंच ठेवलं.

"राहू दे बाय," म्हणाली,
"मला आपला परवडणारा दे. न फाटलेला."

मी साठ घेतले,
हातमोज्यात टाकले.